चार वाजताची शर्यत

एक फोन करणे टाळण्यासाठी माणूस किती श्रम करू शकतो, यावर निसर्गाने वरची मर्यादा घातलेली दिसत नाही. प्रकाशाच्या वेगाला मर्यादा आहे. नागपूरच्या मे महिन्यालाही ती आहे, अनुभवाला तसे वाटत नसले तरी. पण प्रा. मनोहरराव घोरमाडे यांनी गेल्या एप्रिलपासून जूनपर्यंत जे केले, त्याला मर्यादा हा शब्द लावता येत नाही.

टाळायचा तो फोन लांबचा नव्हता. कळमेश्वरच्या पुढे नऊ किलोमीटरवर संत्र्याच्या बागेत राहणाऱ्या बाबारावांना, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाला तो करायचा होता. सहा वर्षांपूर्वी बाबारावांनी बोअरची जागा दाखवायला एक पाणाड्या आणला. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाणी असेल तिथे उभा राहतो, असा त्याचा दावा होता. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून नुकतेच निवृत्त झालेल्या मनोहररावांनी गावासमक्ष त्याच्या डोळ्यांना दुपट्टा बांधून त्याला त्याच शेतातून सात वेळा फिरवले. नारळ सात वेळा सात ठिकाणी उभा राहिला. त्यांतले एक ठिकाण बांधापलीकडचा, ग्रामपंचायतीचा सिमेंटचा ओटा होते. गाव हसले. बाबारावांनी मात्र पहिल्या जागीच बोअर मारली आणि एकशे सत्तर फुटांवर पाणी लागले.

"खडकाच्या या थरात दहापैकी सात बोअरना पाणी लागतेच," मनोहरराव म्हणाले होते.

"तुया टक्केवारीनं बाग भिजत नाही," बाबाराव म्हणाले होते.

दोघे त्यानंतर बोलले नाहीत. आपला आकडा बरोबर होता, हे मनोहररावांचे मत आजही कायम आहे. तो सांगण्याची वेळ तितकी बरोबर नसावी, ही शक्यता त्यांनी विचारार्थ ठेवलेली आहे.

बोलणे बंद झाले तरी गाठभेट मात्र रोज होत होती, आणि ती एका व्हिडिओ गेममध्ये. मनोहररावांची मुलगी मिनल आणि बाबारावांची सोनिका या चुलत बहिणींनी कॉलेजात असताना सारखाच गेम कन्सोल आणि त्यावर 'कॅनियन कार्ट' नावाचा शर्यतीचा सारखाच खेळ घेतला होता. मुली परगावी गेल्या, कन्सोल मागे राहिले. आपला कन्सोल चालतो का, हे विकण्यापूर्वी तपासावे म्हणून मनोहररावांनी एके दिवशी दुपारी चार वाजता तो लावला. मित्रांच्या यादीत एकच नाव होते आणि त्यापुढे हिरवा दिवा जळत होता. पुतणी असावी, असे गृहीत धरून ते शर्यतीत उतरले. तिसऱ्या वळणावर एका पिवळ्या गाडीने त्यांना डाव्या कुशीने, अत्यंत शांतपणे दरीत ढकलले. ढकलण्याची ही पद्धत मनोहरराव १९६८ सालापासून ओळखत होते. त्या वेळी सायकल होती आणि दरीच्या जागी गोठा होता, एवढाच फरक.

तेव्हापासून पाच वर्षे, रोज दुपारी चार वाजता. समोर कोण आहे हे दोघांनाही ठाऊक होते आणि ठाऊक असल्याचे दोघांनीही दाखवले नाही. खेळाची रचनाही या धोरणाला अनुकूल होती. त्यात बोलण्याची सोय नव्हती. फक्त चार तयार वाक्ये होती. बटण दाबले की आपल्या गाडीवर पांढरा फुगा येई आणि त्यात वाक्य उमटे: 'छान खेळलात', 'पुन्हा खेळू या', 'माफ करा', 'उद्या भेटू'. बाबाराव पहिले, दुसरे आणि चौथे वाक्य वापरत. मनोहररावांना आठवड्यातून सरासरी अकरा वेळा दरीत ढकलूनही त्यांनी तिसरे वाक्य कधी वापरले नाही. मनोहररावांनीही वापरले नाही. अर्थात त्यांच्याकडे तसे कारणही नव्हते, निदान खेळातले.

मग खेळाच्या कंपनीने, खेळणारे उरले नसल्याच्या कारणास्तव, एकतीस मार्चला ऑनलाइन सेवा बंद केली. शेवटची शर्यत झाली. पिवळी गाडी अंतिम रेषेपाशी थांबली, तिच्यावर पांढरा फुगा आला आणि त्यात अक्षरे उमटण्यापूर्वी पडद्यावर 'संपर्क तुटला' ही पाटी आली.

चारपैकी वाक्य कोणते?

या प्रश्नाने मनोहररावांना घरातल्या घरात हिंडवले. त्यांच्या गॅलरीची लांबी चौदा पावले आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती त्यांनी इतक्या वेळा मोजली की मोजमापातील त्रुटी नगण्य झाली. चार पर्याय, म्हणजे प्रत्येकी पंचवीस टक्के, असे मानावे, तर बाबारावांनी पाच वर्षांत तिसरे वाक्य एकदाही वापरलेले नव्हते. पण पाच वर्षांत शेवटची शर्यतही कधी झालेली नव्हती.

"फोन करून विचारा ना," कैरीच्या फोडींना मीठ लावत त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"सहा वर्षांनी फोन करून विचारू, की त्या फुग्यात काय होते?"

"हो."

"त्याला वाटेल, मला त्याची पर्वा आहे."

प्रेमिलाबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि पुढची कैरी घेतली.

जो प्रयोग पुन्हा करता येत नाही त्याच्या निष्कर्षाला किंमत नाही, हे मनोहररावांनी एकतीस वर्षे शिकवले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निर्णय तर्कदृष्ट्या निर्दोष होता: शर्यत पुन्हा घडवायची. ज्याला काही म्हणायचे होते, तो पुन्हा म्हणेल.

शोधाअंती असे आढळले की बंद पडलेले खेळ पुन्हा चालू करणारे हौशी लोक जगभर आहेत. कंपनीचे सर्व्हर कन्सोलशी काय बोलत असत, याचा अभ्यास करून त्यांनी त्याच भाषेत बोलणारा प्रोग्राम लिहिला होता. लोकप्रिय खेळ त्यांनी स्वतःच चालू ठेवले होते. 'कॅनियन कार्ट' ठेवावा का, यावर मतदान झाले तेव्हा बाजूने चार मते पडली होती; ज्याला हवा त्याने आपल्या घरी चालवावा, असा निर्णय झाला. त्या चार मतांपैकी एक नागपूरचे निघाले. डॉ. नंदिनी या धंतोलीतील एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होत्या आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात मनोहररावांना मार्गदर्शन करण्यास तयार झाल्या.

"सर, जुना कॉम्प्युटर आहे ना घरी? पुरे झाला," त्या फोनवर म्हणाल्या. "मी सांगते तशा ओळी टाका. मध्येच मी गप्प झाले तर घाबरू नका. पेशंट हलला असेल."

मिनलच्या जुन्या डेस्कटॉपवर प्रोग्राम चढला. तो चालू झाला, एक तास चालला आणि बंद पडला. पुन्हा लावला, चाळीस मिनिटे. तिसऱ्यांदा पंचवीस. मनोहररावांनी आलेख काढला. बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि यंत्राच्या पोटात सत्त्याण्णव.

या टप्प्यावर शेजारच्या नत्थूजींचा प्रवेश झाला. नत्थूजी वीज खात्यातून निवृत्त झालेले, सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारे गृहस्थ होते.

"सर, काहून एवढा विचार करून राहिले? कूलरसमोर ठेवा ना त्याले. आपण नाही का बसत?"

मनोहररावांनी सल्ला केवळ नत्थूजींचा आहे म्हणून फेटाळला नाही. त्यांनी तो तपासला. हवेची आर्द्रता पंधरा टक्के, कूलरमधून येणारी हवा सुमारे सत्तावीस अंश, म्हणजे अठरा अंशांचा नफा. गणित चोख होते. खिडकीतला कूलर नवीन गवताच्या ताट्या लावून सज्ज झाला, डेस्कटॉप उघडा करून त्याच्यापुढे स्टुलावर बसवला, आणि घरातली माणसे दिवाणखान्याच्या उरलेल्या, उष्ण भागात स्थलांतरित झाली.

"पाहुण्याले कूलर अन् घरच्याले घाम," असे उद्गार प्रेमिलाबाईंच्या माहेरच्या बोलीत दोनदा ऐकू आले.

यंत्र चार दिवस उत्तम चालले. पाचव्या दिवशी त्याच्यावर पांढरी साय धरलेली आढळली. कूलरचे पाणी बोअरचे होते, बोअरचे पाणी जड होते, आणि पंखा त्याचे तुषार प्रामाणिकपणे यंत्राच्या अंतरंगात पोहोचवत होता. मनोहररावांनी हवेचे तापमान विचारात घेतले होते, आर्द्रता विचारात घेतली होती. पाण्यातले क्षार तेवढे विसरले होते. क्षार रसायनशास्त्राच्या हद्दीत येतात, या विचाराने मिळाला तेवढा दिलासा त्यांनी घेतला.

"थंड झालं ना पण?" नत्थूजींनी विचारले.

"झाले. आता पुन्हा गरम होणार नाही."

दुसरा डेस्कटॉप आणला आणि स्वयंपाकघरातल्या कोरड्या कोपऱ्यात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, साध्या पंख्याखाली ठेवला; टीव्ही आणि कन्सोलही तिथेच हलवले. त्या वेळी नंदिनींनी नवी अडचण सांगितली. वीज गेली की घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलत होता. रोज घर बदलणाऱ्या माणसाला पत्र कोणी आणि कसे घालावे? कायमचा पत्ता हवा होता, आणि इंटरनेट कंपनी तो केवळ संस्थांना देत होती.

कंपनीच्या कार्यालयातल्या खिडकीमागचा इसम विनम्र होता. "संस्था कोणती, काका?"

"संस्था नाही. मी एकटाच आहे."

"मग एकट्याचं काय काम आहे कायमच्या पत्त्याशी?"

हा प्रश्न मनोहररावांना घरी येईपर्यंत पुरला.

संस्था एकच उपलब्ध होती. नत्थूजींनी मंडळाचे पत्र देण्याचे मान्य केले, पण रीतसर ठराव झाल्याशिवाय नाही. सभा भरली. पहिला पाऊण तास चहात साखर का नाही, यावर गेला. दुसरा पाऊण तास एका सभासदांनी असा मुद्दा लावून धरण्यात गेला की परदेशातले अनोळखी लोक आपल्या इमारतीत तारेवाटे येणार असतील तर रखवालदाराच्या वहीत त्यांची नोंद कशी करायची. अखेर ठराव संमत झाला आणि नत्थूजींनी तो स्वहस्ते, त्यांच्या मते सोप्या, मराठीत लिहिला: 'मंडळाचे सभासद श्री. घोरमाडे सर हे ज्येष्ठांकरिता दररोज दुपारी चार वाजता मोटारगाड्यांची शर्यत चालविणार असून त्यास मंडळाची हरकत नाही.'

आठ दिवसांनी कंपनीचे उत्तर आले. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीसाठी वाहतूक विभागाची परवानगी जोडावी.

मनोहररावांनी नवा ठराव घ्यायला हवा होता. पण नव्या ठरावाचा अर्थ पुन्हा ती सभा आणि पुन्हा तो चहा, हे लक्षात घेता वाहतुकीचे कार्यालय त्यांना सौम्य वाटले. तिथल्या हवालदाराने ठराव दोनदा वाचला.

"रस्ता कोणता?"

"रस्ता नाही. शर्यत टीव्हीवर आहे."

"टीव्ही रस्त्यावर आहे का?"

"घरात आहे."

"मग परवानगी कायची पाहिजे तुम्हाले?"

"परवानगी नकोच आहे. परवानगी लागत नाही, एवढे लिहून हवे."

हवालदाराने दुपट्ट्याने घाम पुसला. "बाबूजी, लागते त्याचा फॉर्म असते. लागत नाही त्याचा फॉर्म कुठून आणू? तुम्ही एक करा. एखादा छोटासा रस्ता दाखवा. मी परवानगी नाकारून देतो."

एकतीस वर्षे तर्कशास्त्राच्या सहवासात काढलेला माणूस असा प्रस्ताव ऐकून जागीच उभा राहतो. मनोहररावही राहिले. मग त्यांनी आपल्या इमारतीमागची, एका टोकाला भिंत असलेली बोळ दाखवली. परवानगी नाकारण्यात आली. नकाराचा तो कागद त्यांनी इंटरनेट कंपनीला सादर केला, आणि अर्जासोबत वाहतूक विभागाचे पत्र जोडलेले आहे, एवढीच खात्री करून कंपनीने कायमचा पत्ता दिला.

जूनच्या नऊ तारखेला नंदिनींनी दवाखान्यातून, मनोहररावांनी स्वयंपाकघरातून आणि फिनलंडमधल्या एका दंतवैद्याने त्याच्या घरातून एकाच वेळी खेळ लावला. तिन्ही गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या. दंतवैद्याने 'छान खेळलात' हा फुगा पाठवला. अक्षरे स्पष्ट होती.

"सर, सर्व्हर शुद्धीवर आहे," नंदिनी म्हणाल्या. "आता तुमचा पार्टनर कुठे आहे? त्याच्या कन्सोलमध्ये फक्त हा नवा पत्ता टाकायला सांगा. बारा आकडे आहेत. टाकल्याशिवाय त्यांना काहीच दिसणार नाही."

मनोहरराव खुर्चीत मागे टेकले. अडीच महिने, दोन यंत्रे, एक ठराव आणि पोलिसांचा एक नकार, एवढ्या साधनसामग्रीनिशी ते जिथे पोहोचले होते, तिथून पुढे जाण्याचा मार्ग एकच होता, आणि तो एकतीस मार्चच्या संध्याकाळीही तितकाच उघडा होता.

तरी त्यांनी सोनिकाला हैदराबादला फोन केला. बारा आकडे वडिलांना कळवशील का?

"काका, लहानपणापासून मी तुमच्या दोघांचे निरोप नेऊन राहिली," सोनिका म्हणाली. "'बाबाले सांग, डबा परत पाठव.' 'काकाले सांग, डबा पाठवला.' मी आता पस्तीस वर्षांची आहे. तुम्हीच सांगा."

 प्रेमिलाबाईंनी मोबाइल आणून लोणच्याच्या बरणीवर ठेवला आणि पंख्याचा वेग वाढवला.

दोन वेळा घंटी वाजली.

"कोण?"

"मी." मनोहररावांनी समोरचा कागद घट्ट धरला. "दादा, लिहून घे. एकशे तीन, टिंब."

पलीकडून बागेतल्या पंपाचा आवाज येत होता.

"पेन नाही जवळ," बाबाराव म्हणाले. "थांब."

सहा वर्षांनंतरचे संभाषण अशा रीतीने सुरू झाले. आकडे दोनदा वाचले गेले आणि दोनदा चुकले. मग बाबारावांनी चष्मा शोधला. मग कन्सोलमध्ये ते कुठे टाकायचे, यावर दहा मिनिटे गेली. शेवटी मनोहररावांनी, आवाजात शक्य तितका अनास्थेचा सूर आणून, विचारले:

"दादा, त्या दिवशी शेवटी तू फुगा पाठवला होतास. त्यात काय होते?"

"कोणता फुगा? मी कायले पाठवू? तूनच पाठवला ना. पांढरा, कोरा. मी अडीच महिने विचार करून राहिलो, हा मन्या काय म्हणत होता."

"मी पाठवला नाही."

"मंग?"

मनोहररावांना उत्तर त्याच क्षणी सुचले, आणि ते अडीच महिने का सुचले नव्हते याची लाज त्याहून लवकर वाटली. संपर्क तुटताना यंत्राने दोन्ही पडद्यांवर कोरा फुगा काढला होता. चारपैकी वाक्य कोणतेच नव्हते. अनपेक्षित वाचन आले तर आधी उपकरण तपासा, हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षे प्रत्येक वर्गाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिले होते.

"ते यंत्राचे होते," ते म्हणाले. "आपल्या दोघांचेही नाही."

"असं," बाबाराव म्हणाले. "मी रोज चारले लावतो गा. 'सर्व्हर सापडला नाही' म्हणते. मले वाटे, तूनच बंद करून टाकलं."

"कंपनीने बंद केले होते."

"हौ. पण मले तसं वाटे."

अकरा जूनला चार वाजता मनोहररावांच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला. शर्यत सुरू झाली. पहिले वळण, दुसरे वळण. तिसऱ्या वळणावर पिवळी गाडी उजव्या बाजूने आली आणि तिने त्यांना डाव्या कुशीने, अत्यंत शांतपणे दरीत ढकलले. गाडी खाली कोसळत असताना मनोहररावांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. तो तिसऱ्या बटणावर होता आणि बटण दाबलेले होते. दरीतल्या त्यांच्या गाडीवर पांढरा फुगा आला: 'माफ करा'. त्याच वेळी वर, कड्याच्या टोकाशी थांबलेल्या पिवळ्या गाडीवरही एक फुगा होता. अक्षरे तीच होती.

शर्यत कोणीच पूर्ण केली नाही. मोबाइल वाजला.

"मनोहर, कोणं आधी दाबलं?"

"कशाला विचारतोस?"

"मशीन तुया घरी आहे ना. त्यात सारं लिहून येत असन. पाहून सांग."

मनोहररावांनी सर्व्हरची नोंदवही उघडली. दोन ओळी होत्या. दोन्हींपुढे चार वाजून अकरा मिनिटे, बेचाळीस सेकंद.

"एकाच सेकंदात आहेत."

"सेकंदाच्या आत पाय ना. तू तर सायन्सवाला."

सेकंदाच्या आत पाहता येत होते. नंदिनींनीच दाखवले होते. शेजारची दुसरी नोंदवही सेकंदाचा हजारावा भागही टिपत होती, आणि तिच्यावर टिचकी मारली की उत्तर निःसंदिग्ध होते. मनोहररावांचे बोट माउसवर होते. दारात प्रेमिलाबाई उभ्या होत्या आणि चष्म्यावरून त्या बोटाकडे पाहत होत्या.

"माझ्या उपकरणाचे लघुतम माप एक सेकंद आहे, दादा," मनोहरराव म्हणाले. "त्याच्या आतले सांगता येत नाही."

पलीकडे पंप चालू होता.

"हे वाक्य," बाबाराव सावकाश म्हणाले, "तू त्या पाणाड्याच्या वक्ताले म्हटलं असतं, त सहा वर्षं वाचली असती."

"तिथे उपकरणाचा प्रश्न नव्हता. त्या थरात दहापैकी सात..."

"मी फोन ठेवतो," बाबाराव म्हणाले, आणि त्यांनी तो ठेवला.

मनोहररावांनी मोबाइल लोणच्याच्या बरणीवर ठेवला. मग पडद्यावर पिवळ्या गाडीच्या टपावर एक फुगा वर आला, क्षणभर कोरा राहिला, आणि त्यात अक्षरे उमटली: 'पुन्हा खेळू या'.